रडणाऱ्या गिटारच्या पोटात

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

माझ्या वयाच्या श्रोत्यांना आठवत असेल. रेडिओवर एक कार्यक्रम संपायचा, दुसरा सुरू व्हायला चार-पाच मिनिटं असायची आणि मधली जागा भरायला वाद्यसंगीताची तबकडी लागायची. पुष्कळदा ती हवाईयन गिटारवर वाजवलेल्या सिनेमाच्या गाण्याची असे. व्हॅन शिप्ले, हजारा सिंग, सुनील गांगुली ही नावं निवेदक घाईघाईनं सांगून टाकायचे. शब्द नसायचे, तरी गाणं चटकन ओळखू यायचं, कारण ती गिटार गळ्यासारखी चालायची. सुरावरून सुरावर उडी न मारता घसरत, ओढत, लाडीगोडी करत जायची. मिरजेच्या आमच्या घरात त्या वाद्याला एकच नाव होतं : रडकी गिटार.

आज मला त्या रडक्या गिटारच्या एका अमेरिकन बहिणीविषयी बोलायचं आहे. तिचं नाव पेडल स्टील गिटार. मी वादक नाही, ओळी जुळवणारा माणूस आहे. यंत्राबिंत्राशी माझं फारसं जमत नाही. पण या वाद्याशी आमच्या घरातलं एक जुनं प्रकरण जोडलेलं आहे. ते आधी सांगतो.

माझे भाई, म्हणजे थोरले बंधू, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठे. दिवसा गॅरेजात मोपेड दुरुस्त करायचे आणि लग्नसराईत एका ऑर्केस्ट्रात हवाईयन गिटार वाजवायचे. गिटार जुनी, तिसऱ्या हातून घेतलेली. मांडीवर आडवी ठेवायची, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडायच्या आणि डाव्या हातातली स्टीलची कांडी तारांवरून फिरवायची. १९८२ साली सौदीहून सुटीवर आलेल्या एका शेजाऱ्यानं अमेरिकन गाण्यांची एक कॅसेट आणली. भाईंनी ती ऐकली आणि त्यांची झोप उडाली. त्यात गिटार होती रडकीच, पण काहीतरी वेगळं चाललं होतं. एक सूर जागेवर उभा आहे, आणि त्याच क्षणी शेजारचा सूर त्याचा हात सोडून सावकाश वर चढतोय. भाई कॅसेट मागं घ्यायचे, पुन्हा लावायचे. म्हणायचे, "कांडी एकच आहे. ती सरकली तर सगळे सूर एकदम सरकतील. मग हा एकटाच कसा चढला?"

आठवडाभरानं त्यांनी स्वतःच उत्तर काढलं. तार पुढून दाबली जात नसणार, ती मागून कुणीतरी ओढत असणार. गॅरेजातून त्यांनी लुनाच्या ब्रेकची केबल आणली. गिटारच्या मागच्या बाजूला दोन भोकं पाडून एक छोटा लिव्हर बसवला, केबलचं एक टोक त्याला आणि दुसरं पायाखालच्या फळीला. फळी दाबली की एक तार ताणली जाई. घरी ते दोन-तीनदा छान जमलं. मग सांगलीत एका लग्नाच्या स्वागतसमारंभात भाईंनी भर कार्यक्रमात फळी दाबली. घोडी उखडली, वरची तबली फाटकन तडकली, आणि माइकमधून तो आवाज फटाका फुटावा तसा मांडवभर गेला. लोक हसले. मी अकरा वर्षांचा होतो, पहिल्या रांगेत बसलो होतो. मीही हसलो.

घरी अब्बा एवढंच म्हणाले, "चांगल्या वाद्याला भोकं पाडायची बुद्धी कशी झाली?" भाईंनी गिटार गोधडीत गुंडाळून कपाटावर ठेवली. त्यानंतर ते ऑर्केस्ट्रात कधी गेले नाहीत. २००६ साली ते गेले. गिटार कपाटावरच होती.

आता मूळ विषयाकडे येतो.

भाईंना पडलेला प्रश्न त्यांच्या आधी पन्नास वर्षं अमेरिकेत अनेकांना पडला होता. स्टील गिटारचा जन्म हवाई बेटांवरचा. जोसेफ केकुकू नावाच्या मुलानं १८८९च्या सुमाराला तारांवर लोखंडाचा तुकडा फिरवून ही पद्धत रूढ केली, असं मानलं जातं. त्याही आधी गॅब्रिएल डेव्हियन नावाचा, जन्मानं हिंदुस्थानी असलेला आणि जहाजातून तिथं पोचलेला एक तरुण असं वाजवत असे, अशीही हकिकत सांगितली जाते. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत मोठं जागतिक प्रदर्शन भरलं, तिथं हवाईचं संगीत गाजलं आणि अमेरिकेला या वाद्याचं वेड लागलं.

पण वाद्यात एक अडचण होती. कांडी सरळ. ती सगळ्या तारांवर एकाच रेषेत बसते. तारा ज्या सुरांत लावल्या असतील तीच स्वरांची जुळणी, म्हणजे कॉर्ड, वर-खाली सरकत राहणार. कवायतीत जशी सगळी रांग एकदम पुढं जाते तसं. कांडी तिरकी करून थोडंफार साधतं, पण थोडंच. पाश्चात्त्य संगीताचा सगळा जीव या कॉर्डांच्या बदलण्यात. त्यामुळं वादक वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या दोन-दोन, तीन-तीन गळ्यांच्या, अगदी चार गळ्यांचीही वाद्यं घेऊन बसू लागले. एका गाण्यात या गळ्यावरून त्या गळ्यावर उड्या.

इथं विजेनं मदत केली. १९३२ साली रिकनबॅकर कंपनीची विजेवर चालणारी स्टील गिटार बाजारात आली. ओतीव ॲल्युमिनियमची, गोल अंगाची, लांब दांड्याची. लोक तिला गमतीनं 'तळणीचा तवा' म्हणत. रंगमंचावरच्या दिव्यांनी ॲल्युमिनियम तापलं की ती बेसूर व्हायची, हा भाग वेगळा. महत्त्वाची गोष्ट अशी की आवाज आता चुंबकातून निघत होता. पोकळ पेटीची गरज उरली नव्हती. सतारीला भोपळा लागतो, गिटारला पोकळ पोट लागतं, कारण तारेचा आवाज मोठा करणारं दुसरं काही नसतं. ते काम विजेनं पत्करलं आणि वाद्याचं अंग भरीव, जड, हवं तितकं मजबूत करण्याची मोकळीक मिळाली. आणि अंग मजबूत असेल तरच त्यावरच्या तारा ओढता येतात. भाईंची तबली का तडकली हे मला पुष्कळ वर्षांनी इथं कळलं. कल्पना बरोबर होती. पोट पोकळ होतं.

मग १९४०च्या सुमाराला गिब्सन कंपनीनं 'इलेक्ट्राहार्प' नावाचं वाद्य काढलं. कनेक्टिकटमधल्या जॉन मूर या कारागिराची त्यामागं कल्पना होती. वाद्याच्या एका पायापाशी पेडलांचा झुबका. पेडल दाबलं की ठरावीक तारांचा सूर बदलायचा. पण फार थोडी वाद्यं तयार झाली आणि युद्धानं तेही थांबलं. १९४८ साली कॅलिफोर्नियात पॉल बिग्सबी यांनी स्पीडी वेस्ट या वादकासाठी पेडलांची गिटार बनवली. बिग्सबी हे ओतकामाचे साचे करणारे आणि मोटरसायकलींमध्ये रमलेले गृहस्थ. मेपलचं ठिपक्याठिपक्यांचं सुंदर लाकूड आणि स्वतः ओतलेले ॲल्युमिनियमचे भाग. एकेक वाद्य हातानं करायचे, त्यामुळं गिऱ्हाइकांना बराच काळ थांबावं लागे.

तोवर पेडल कशासाठी वापरत? मुख्यतः वाजवण्याआधी तारांची जुळणी बदलण्यासाठी. म्हणजे आपण गाण्यापूर्वी तंबोऱ्यावर पंचमाचा मध्यम करून घेतो तसं. १९५३च्या अखेरीस बड आयझॅक्स नावाच्या वादकानं वेब पिअर्स यांच्या 'स्लोली' या गाण्याच्या ध्वनिमुद्रणात एक साधी गोष्ट केली. तारा छेडल्या आणि त्या वाजत असतानाच पेडल दाबलं. एक सूर जागेवर राहिला, दोन सूर चढले. १९५४ साली ते गाणं कंट्री संगीताच्या यादीत सतरा आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. देशभरचे स्टील वादक हाताला येईल ते सामान वापरून घरच्या घरी पेडलं जोडायच्या मागं लागले.

मला गझलेची उपमा सुचते. रदीफ प्रत्येक शेराच्या शेवटी तोच शब्द घेऊन थांबून राहतो आणि त्याच्या अलीकडचा काफिया बदलत जातो. मजा दोघांच्या शेजारात आहे. एकटा रदीफ कंटाळा आणील, नुसता काफिया भरकटेल. आयझॅक्सच्या पेडलानं एकाच वाद्यात हे दोन्ही आणलं.

आता पेडल दाबल्यावर पोटात नेमकं काय होतं? हे मी डोळ्यांनी पाहिलं ते २०१९ साली. भाईंचा मुलगा नोकरीनिमित्त अमेरिकेत टेनेसी राज्यात असतो. त्याच्याकडं महिनाभर राहिलो तेव्हा तो मला नॅशव्हिलजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात घेऊन गेला. नॅशव्हिल म्हणजे कंट्री संगीताची पंढरीच. सत्तरीच्या पुढचे एक म्हातारे मेकॅनिक तिथं जुनी वाद्यं पाय सुट्टे करून, पालथी टाकून बसले होते. वरून सगळी सारखीच दिसतात : चार पायांचं अरुंद टेबल, वर आठ-दहा तारा, खाली पेडलं आणि गुडघ्यानं ढकलायचे लिव्हर. पालथी केली की प्रत्येकीचं पोट निराळं.

पहिली होती फेंडर १०००, १९५७ साली निघालेल्या नमुन्यातली. दोन गळे, प्रत्येकावर आठ तारा. लिओ फेंडर हे मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात १९३८ साली त्यांनी रेडिओ-दुरुस्तीचं दुकान काढलं होतं. स्वतः गिटार वाजवत नसत. त्यांचा विचार कारखानदाराचा : भाग सुटे होणारे, बदलता येणारे, कुणालाही दुरुस्त करता येईल असं काम. म्हाताऱ्यानं बोट दाखवलं. पेडलापासून घोडीपर्यंत पोलादी केबली गेल्या होत्या. केबलचं टोक एका तारेच्या लिव्हरमधून काढून दुसऱ्याला अडकवलं की त्या पेडलाचं काम बदललं.

पुतण्या वाकून पाहत होता. मग हळूच म्हणाला, "चाचा, ही तर अब्बांची केबल."

त्यानं बापाची ती गोष्ट घरात ऐकली होती, पण ती नेहमी गंमत म्हणून. 'तुझ्या अब्बांनी एकदा लग्नात गिटार फोडली.' मी काही बोललो नाही. म्हाताऱ्यांना आम्ही तोडक्यामोडक्या शब्दांत सगळं सांगितलं तेव्हा ते हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "केबल सैल पडायची का?" पुतण्यानं माझ्याकडं पाहिलं. पडायची. भाई रोज ती पक्कडीनं ताणून घेत. फेंडरच्या केबलीही कालांतरानं ढिल्या पडतात आणि सूर चुकवतात, ही तिची जुनी तक्रार. तरी स्नीकी पीट क्लाइनो यांच्यासारखा नामांकित वादक, स्वतःच्या दुरुस्त्या करून का होईना, आठ तारांच्या फेंडर ४००लाच आयुष्यभर धरून राहिला. तिचा काचेसारखा चमकता, पातळ आवाज दुसरीकडं मिळत नाही.

दुसरी शो-बड. शॉट जॅक्सन आणि बडी एमन्स या दोन वादकांनी नॅशव्हिलमध्ये पन्नाशीच्या दशकात काढलेली कंपनी. शॉटमधला 'शो' आणि बडीमधला 'बड'. वादकांनी वादकांसाठी बनवलेलं वाद्य. अंग मेपलचं, त्यावर लाखेसारखं चकचकीत लॅकर, कित्येक नमुन्यांच्या पट्टीवर पत्त्यांतले इस्पिक, बदाम, चौकट, किलवर कोरलेले. आत केबलीऐवजी धातूच्या सळया. पेडल दाबलं की आडवा दांडा फिरतो, तो सळई ओढतो, सळई घोडीच्या एका बोटाला ओढते.

हे 'बोट' नीट समजून घ्यायला हवं. आपल्या तंबोऱ्याची घोडी एकसंध असते. कारागीर तिचा माथा घासून जवारी काढतो आणि मग ती हलत नाही. पेडल स्टीलमध्ये घोडीच तारेगणिक चिरलेली आहे. प्रत्येक तारेखाली धातूचं एक वेगळं बोट. त्याचा माथा गोल, त्यावरून तार खाली वळते. सळईनं ते बोट केसभर फिरलं की तार ताणते, सूर चढतो. पेडल सोडलं की बोट जागेवर येतं. म्हणजे जिथून आवाज अंगात उतरायचा तीच जागा हलती. या वाद्याचं सगळं दुखणं आणि सगळी गोडी इथं आहे. सूर चढवणं त्या मानानं सोपं. ते सोडल्यावर बोट तंतोतंत पहिल्या जागी परत आलं पाहिजे, हजार वेळा दाबलं तरी. आणि काही तारांचा सूर चढवायचा तसाच उतरवायचाही असतो.

जुन्या पद्धतीत सूर उतरवायचा तर आधीच ओढून धरलेली तार सोडून द्यायची. म्हणून तिला 'ओढ-सोड' म्हणता येईल. शो-बडच्या सुरुवातीच्या एका नमुन्याचं नाव 'पर्मनंट' होतं. कोणतं पेडल कोणती तार हलवणार हे कारखान्यातच ठरून यायचं. वादकाचं मन बदललं तर वाद्य पुन्हा कारागिराकडं. पुढच्या नमुन्याचं नाव 'फिंगरटिप' होतं. यात हे सगळं बदलणं सोपं केलं होतं. दोन नावांतच त्या काळातल्या वादकांची तक्रार आणि तिचं उत्तर वाचता येतं.

१९६३ साली बडी एमन्स शो-बडमधून बाहेर पडले आणि रॉन लॅशली यांच्याबरोबर उत्तर कॅरोलिनातल्या बर्लिंग्टन गावी त्यांनी एमन्स गिटार कंपनी काढली. हे एमन्स म्हणजे या वाद्याचे मोठे उस्ताद. १९३७चा जन्म, २०१५ साली निधन. आयझॅक्सचं एकच पेडल दोन तारांवर काम करायचं, ते काम दोन पेडलांत वाटण्याचं श्रेय त्यांना दिलं जातं. आज ही दोन पेडलं सगळीकडं रूढ आहेत. जिमी डे या त्यांच्या समकालीन वादकानं पेडलांचा क्रम उलटा लावला आणि वादकांत दोन घराणी पडली. अजूनही नवं वाद्य घेताना विचारतात, एमन्स पद्धत की डे पद्धत?

एमन्सची तिसरी गिटार म्हाताऱ्यांनी हळुवारपणे उलटी केली. बाहेरून काळी कुळकुळीत. मेपलच्या अंगावर, आपण ज्याला सनमायका म्हणतो तसला काळा थर. शो-बडसारखा साजशृंगार नाही. आतली युक्ती मात्र अस्सल : सूर चढवायचा तर सळई बोटाला ओढते, उतरवायचा तर ढकलते. एरवी बोट भक्कम अडसराला टेकून स्वस्थ बसतं. ओढ-ढकल. तार मोकळी वाजत असते तेव्हा बोट आणि अंग जणू एकच धातू-लाकूड होतात, म्हणून तिचा सूर इतका लांब आणि स्वच्छ टिकतो, असं तिचे चाहते सांगतात. किंमत एवढीच की तिची जुळणी करणं म्हणजे परीक्षा. एक स्क्रू फिरवला की दुसरी तार बिघडते, ती नीट करावी तर तिसरी.

आणि शेवटी त्यांनी एक नवीन गिटार दाखवली, आजकाल बहुतेक कारखाने करतात तसली. यात चढवणं आणि उतरवणं दोन्ही ओढूनच. बोटाचे दोन भाग केलेले, परतायला स्प्रिंगा, प्रत्येक बदलाला बाजूच्या पट्टीवर एकेक छोटं नट. रुमालानं घाम पुसता पुसता सूर लावून घ्यावा इतकं सोपं. जुन्या मंडळींचं म्हणणं, सोय आली, पण आवाजातलं काहीतरी गेलं. नव्यांचं म्हणणं, गेलं ते तुमच्या कानांतलं. हा वाद मिटेलसं वाटत नाही.

म्हाताऱ्यांनी एकाच स्पीकरवर चारही वाद्यांत एकच कॉर्ड वाजवून दाखवला. मला यंत्रातलं कळत नाही, पण एवढं नक्की ऐकू आलं की फेंडर लखलखली, शो-बड दाणेदार, उबदार वाजली, एमन्स दूरवर जाऊन रेंगाळली, आणि नवी कुठंही चुकली नाही.

मग त्यांनी सूर मोजणारं यंत्र लावून एक गोष्ट दाखवली, ती मी विसरणार नाही. एक तार छेडली. तिला कुठलंच पेडल लागत नव्हतं. ती वाजत असताना शेजारच्या तारांची पेडलं दाबली. या तारेला कुणी हात लावला नाही, पाय लावला नाही, तरी यंत्राचा काटा किंचित खाली गेला. कारण दहा तारांचा मिळून शंभर किलोंच्या वर ताण त्या अंगावर असतो. त्यातल्या दोन आणखी ओढल्या की सबंध टेबल केसभर वाकतं आणि न ओढलेल्या तारा सैलावतात. याला ते 'अंग बसणं' अशा अर्थाचा शब्द वापरतात. काही वाद्यांत जास्त, काहींत कमी, पण पूर्ण शून्य कुठंच नाही. जाड लाकूड, ॲल्युमिनियमचा गळा, भक्कम टोकपट्ट्या हे सगळे खटाटोप या केसभर वाकण्याविरुद्धचे. दोन गळ्यांचं वाद्य पेटीसकट तीस किलोंच्या आसपास जातं ते उगीच नाही.

आणखी एक गंमत. हे वादक गंधार पियानोच्या गंधारापेक्षा किंचित उतरता लावतात. कारण तसाच तो षड्जाशी गोड मिसळतो. आपल्या चांगल्या जुळलेल्या तंबोऱ्यात, कुठल्याही तारेला न लावलेला जो गंधार आपोआप ऐकू येतो, त्याच्याच जवळ हे लोक आपला गंधार नेतात. मी मिरजेचा आहे हे ऐकून म्हाताऱ्यांना काही बोध झाला नाही, पण आमच्या गावात दीड-पावणेदोनशे वर्षं तंबोरे बनतात आणि ते बनवणारे पूर्वी तलवारींना धार लावणारे शिकलगार होते, हे सांगितल्यावर त्यांनी हातातला पाना खाली ठेवला आणि भोपळा कुठून आणता, लाकूड कुठलं, असे अर्धा तास प्रश्न विचारले.

परत येताना मला राहून राहून एक विचार येत होता. हवाईची ही गिटार आपल्याकडंही आली. ताऊ मो यांच्यासारख्या हवाईयन कलावंतांचा कलकत्त्यात मुक्काम झाला, तिथं शिष्य तयार झाले. पण आपल्याकडं तिला पेडलं फुटली नाहीत. कारण आपल्याला कॉर्डांची अडचणच नव्हती. आपल्याला हवी होती मींड, आणि ती कांडीत आयती होती. आपल्याला कमी पडत होता तो भरणा, घुमारा. म्हणून ब्रिजभूषण काब्रा यांनी तिच्यावर राग मांडला आणि पुढं विश्वमोहन भट्ट यांनी तिला तरफेच्या तारा चढवून मोहनवीणा केली. तिकडं कृष्णवर्णीयांच्या काही चर्चमध्ये तीच स्टील गिटार प्रार्थनेत गाऊ लागली, नायजेरियात किंग सनी अडे यांच्या वाद्यवृंदात पेडल स्टील जाऊन बसली. ज्याला जे कमी वाटलं त्यानं ते जोडलं. वाद्याच्या पोटात डोकावलं की बनवणाऱ्याला कशाची ओढ होती ते दिसतं.

म्हाताऱ्यांनी निरोप घेताना एक सांगितलं होतं. जुन्या वाद्यांच्या आतलं सगळं काढून नवी यंत्रणा बसवून द्या, अशी गिऱ्हाइकं येतात. ते करूनही देतात, पोटासाठी. पण मग पुढच्या पाटीवरचं नाव तेवढं जुनं राहतं.

गेल्या वर्षी पुतण्या मिरजेला आला होता. कपाटावरची गोधडी आम्ही खाली काढली. गिटार घेऊन ओळखीच्या सतारमेकर चाचांकडं गेलो. त्यांनी तडा पाहिला, घोडीची जागा पाहिली, मग मागची दोन भोकं बोटानं चाचपली आणि म्हणाले, "तडा जोडतो, घोडी नवी बसवतो. ही भोकं लाकडाची खुंटी मारून बुजवतो, वर पॉलिश. कुठं होती ते कळणारसुद्धा नाही."

मी पुतण्याकडं पाहिलं. मला बोलायचं होतं, पण त्या मांडवात हसलेल्या माणसानं काय बोलावं? पुतण्याच म्हणाला, "तडा जोडा, चाचा. भोकं राहू द्या."

"आवाज थोडा कमी भरेल."

"भरू दे."

चाचा जरा वेळ गप्प राहिले. मग भोकांच्या कडांवरून अंगठा फिरवत म्हणाले, "बरं. मग निदान कडा तरी गुळगुळीत करून देतो. कुणी पाहिलं तर मुद्दाम ठेवलीत असं दिसलं पाहिजे."